पन्नास नगांचा डबा

तुर्भ्याच्या बाजार समितीत जे येते ते जाण्यासाठीच येते. रात्री गाड्या लागतात, उजाडायच्या आत भाजीचा सौदा सुरू होतो आणि ऊन चढेपर्यंत गाळे झाडून रिकामे होतात. मागे उरलेल्या मालाला इथे मान नसतो. त्याचा भाव तासागणिक उतरत जातो. गोणी, पेटी, करंडी, क्रेट ही इथली सारी भांडी माल पुढे सरकवण्यासाठी घडलेली आहेत. अशा ठिकाणी साधारण पंधरा-सोळा वर्षे एक डबा येत राहिला. तोही ठोकानेच येई, पण राहण्यासाठी येई. कोऱ्या सीडींचा तो काळ्या बुडाचा, पारदर्शक टोपणाचा उभा डबा आता कोणी मागवत नाही. त्याच्या जाण्याची तिथी कुठे लिहिलेली नाही. एका मार्चअखेरीला तो आणायचा राहून गेला आणि पुढच्या मार्चअखेरीला तो आणायचा असतो हेच कोणाच्या ध्यानात आले नाही. म्हणून हे चार शब्द.

त्याचे घराणे जपानी आणि डच. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून घडवलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली जपानच्या दुकानांत आली. ती कारखान्यातून छापूनच बाहेर पडे. घेणाऱ्याने फक्त ऐकायचे. आपल्या हाताने लिहिता येईल अशी तबकडी १९८८ साली ताइयो युदेन या जपानी कंपनीने सिद्ध केली. तिथल्या संशोधक एमिको हमादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लास्टिकच्या चकतीवर रंगद्रव्याचा अत्यंत पातळ थर दिला. लेसरचा किरण जिथे पडे तिथे रंग तापून डाग उमटे, आणि साधा सीडी प्लेअर त्या डागालाच छापील खळगा समजून वाचून काढी. इतकी सभ्य फसवणूक यंत्रांच्या जगात क्वचितच झाली असेल. तबकडीचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, पण तिच्यावर आतून बाहेर वळत जाणारी खोबण सरळ केली तर पाच किलोमीटरच्या पुढे जाते. रंगद्रव्याची तीन कुळे होती. सायनीनची छटा निळसर-हिरवी, थॅलोसायनीनची फिकट, जवळजवळ सोनेरी, आणि अॅझोची गडद निळी. ज्या हातांनी पुष्कळ डबे उघडले ते तबकडी उजेडात तिरपी धरत आणि छापलेले नाव न वाचता तिचे कूळ सांगत.

आपल्याकडे तिचा संसार उभा राहिला तो नोएडात. दीपक पुरी यांनी १९८३ साली स्थापन केलेली मोझर बेअर इंडिया ही कंपनी आरंभी वेळ नोंदवणारी यंत्रे करी. स्वित्झर्लंडच्या ज्या कंपनीशी सहकार्य झाले तिचेच नाव तिने लावले होते. पुढे ती फ्लॉपीकडे वळली आणि १९९९ पासून कोऱ्या सीडींकडे. काही वर्षांतच ती जगातल्या मोठ्या उत्पादकांमध्ये गणली जाऊ लागली. नखशिखांत झाकलेल्या कामगारांच्या त्या धूळविरहित दालनांत वितळलेले पॉलिकार्बोनेट निकेलच्या साच्यावर दाबले जाई. फिरत्या चकतीवर रंगद्रव्य पसरे, त्यावर चांदीचा थर चढे, त्यावर संरक्षक लेप. आपण त्या कामगारांना कधी पाहिले नाही, पण आपल्या घरातल्या लग्नकार्याची चित्रे त्यांनी ओतलेल्या चकत्यांवर आहेत, याची नोंद या निमित्ताने व्हावी.

डब्याची रचना साधी होती. बुडाच्या मधोमध एक उभा दांडा, त्यात ओवलेल्या पन्नास तबकड्या, वर फिरवून बसवायचे टोपण आणि सगळ्यावर ताणून बसवलेले पातळ प्लास्टिक. पुष्कळ डब्यांत सर्वांत वर आणि सर्वांत खाली रंगाचा थर नसलेली, काचेसारखी आरपार दिसणारी एकेक चकती असे. तिच्यावर काही लिहिता येत नसे. तिचे काम एवढेच की ओरखडा आलाच तर तो आपल्या अंगावर घ्यावा. घरातली मुले ती सर्वांत आधी पळवीत.

या रचनेचे मोल कळायला त्याआधीची स्थिती आठवावी लागते. पूर्वी प्रत्येक सीडी आपल्या स्वतंत्र कडक डबीत येई. डबी सुमारे एक सेंटिमीटर जाड; म्हणजे पन्नास सीडींना अर्धा मीटर फळी लागे. डबीतून सोडवून एका दांड्यावर ओवल्या की त्याच पन्नास तबकड्या साडेसहा-सात सेंटिमीटरांत मावत. वजन पाऊण किलोच्या आसपास. एका हाताने उचलून लोकलच्या गर्दीतून पोटाशी धरून आणता येईल असा पन्नास नगांचा ठोक माल मुंबईत दुसरा कोणता होता, मला आठवत नाही. डबी गेली तशी किंमतही उतरली. नव्वदच्या दशकात एक कोरी सीडी ही चैन होती. पुढे डब्याच्या हिशेबाने ती दहा-बारा रुपयांच्या घरात आली आणि चहापाण्याच्या खर्चात बसू लागली.

ज्या बाजारात तो आला त्या बाजाराचेही स्थलांतर नुकतेच पुरे होत होते. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये तुर्भ्याला आला, मसाला आणि धान्याचे बाजार १९९१ मध्ये मशीद बंदराकडून हलले, फळे आणि भाजीपाला १९९६ मध्ये क्रॉफर्ड मार्केट आणि भायखळा सोडून इकडे आले. मधल्या काळात, १९९२ साली, हार्बरची गाडी खाडी ओलांडून वाशीला पोचली होती. संगणकाच्या वस्तूंचे पेठस्थान मात्र अजून ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर होते. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी गिऱ्हाइकाला ते नाव घेऊन कोणी रस्ता दाखवला नाही. पेढीवरचा संगणक चालवणारा मुलगा महिन्याकाठी तिकडे जाई आणि प्रिंटरची रिबन, कागदाचे गठ्ठे आणि संपला असेल तेव्हा एक डबा घेऊन परते. नंतर वाशीतल्या दुकानांतही तो मिळू लागला.

पेढीवर त्याचे काय काम होते, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागेल. शेतकऱ्याचा माल विकला की त्याला पट्टी द्यायची असते. नग किती, वजन किती, भाव काय, त्यातून त्या काळी आडत, हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडे वजा जाता हाती किती. ओतूरच्या कांद्याची, निफाडच्या द्राक्षाची, देवगडच्या आंब्याची कमाई शेवटी त्या अरुंद कागदावर उतरते. माल विकून, खाऊन संपतो. त्याचा म्हणून जो काही माग राहतो तो पट्टीच्या स्थळप्रतीत आणि खतावणीत. पूर्वी तो लाल कापडाच्या वह्यांत असे. मग डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची किरकिर सुरू झाली, पट्ट्या टॅलीतून किंवा कोणी खास बाजारासाठी लिहून दिलेल्या प्रोग्रॅममधून निघू लागल्या, आणि एक नवी धास्ती पेढीवर येऊन बसली. वही चोरीला गेली तर निदान ती गेल्याचे दिसते. संगणकातला हिशेब कधी, कसा नाहीसा होईल, हे दिवाणजींना उमजत नव्हते.

त्या धास्तीला पहिले उत्तर फ्लॉपीने दिले होते. तिचे ऋण नाकारायचे नाही. पण १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर वर्षाचा हिशेब घ्यायचा तर तुकडे करावे लागत, आणि त्यातली एक फ्लॉपी रुसली की बाकीच्या निरुपयोगी होत. सीडीची जागा ७०० एमबी, म्हणजे पावणेपाचशेहून अधिक फ्लॉपींएवढी. पेढीचे अख्खे वर्ष तिच्या एका कोपऱ्यात बसे. शिवाय एकदा लिहिले की खोडता येत नसे. व्यापाऱ्याला हा दोष वाटला नाही; रोजकीर्दीचे व्रतही तेच होते. महिनाअखेरीला एक प्रत, मार्चअखेरीला दोन: एक पेढीच्या कपाटात, एक शेठजींच्या घरी. उगमकराची (टीडीएस) विवरणपत्रे संगणकावर तयार करून फ्लॉपीवर किंवा सीडीवर, सत्तावीस-ए नमुन्याच्या कागदासोबत केंद्रावर नेऊन द्यायची पद्धत आली. राज्यात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट लागू झाला. कर सल्लागार पुडक्याऐवजी सीडी मागू लागले, आणि डबा पेढीच्या साहित्यात गोंद, शाई, शिक्का यांच्या रांगेत बसला.

लिहिण्याचा विधीही सांगायला हवा. सुरुवातीच्या यंत्रांत एकपट वेगाने त्या वेळची पूर्ण तबकडी भरायला ७४ मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ संगणकाला हात लावायचा नाही असा दंडक असे. मध्येच माहितीचा ओघ तुटला तर तबकडी वाया जाई. २००० सालच्या सुमारास तुटलेला ओघ सांधणारी यंत्रे आली. मग वेग वाढत वाढत ५२ पटींवर गेला आणि काम तीन-चार मिनिटांवर आले. तरी जुने दिवाणजी त्या वेळात उगाच कोणाला खुर्चीजवळ येऊ देत नसत. पट्टीही छापायची नाही, फोनही हळू बोलायचा. दिवाळीत वहीपूजनाच्या पाटावर संगणकाचा कीबोर्ड आला तेव्हा काही पेढ्यांवर त्याच्या शेजारी वर्षाची सीडीही आली. फुले वाहिली जात. कुंकू मात्र कागदी पाकिटाला लावत, तबकडीला नव्हे. एवढी समज सगळ्यांना होती.

हिशेबाची चाकरी ही त्याची सरकारी नोकरी म्हणावी. त्याचा खरा गोतावळा पेढीच्या बाहेर होता. बाजारात माल उतरवणारे माथाडी बहुतेक सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतले. अण्णासाहेब पाटील यांनी ज्यांना संघटित केले आणि ज्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला, ती ही माणसे. गावची जत्रा चुकली की वर्षभर रुखरुख वाटणारी. जत्रेला एखादा कॅमेरावाला बोलावला जाई आणि त्याने घेतलेली पालखी, छबिना, कुस्त्यांचा फड आणि रात्रीचा तमाशा हे सगळे व्हीसीडीवर उतरून नवी मुंबईत येई. एका तबकडीत ऐंशी मिनिटांपर्यंतचे चित्रण मावे, म्हणून जत्रा दोन-तीन भागांत असे. मंडळाचा कोणी कार्यकर्ता अख्खा डबा विकत घेऊन कॅमेरावाल्याकडे देई आणि घरटी एक याप्रमाणे जत्रा वाटली जाई. कुस्तीच्या भागाला मागणी जास्त. तो पुन्हा पुन्हा काढून-घालून बघितल्याने त्याच तबकडीवर ओरखडेही जास्त. लग्नाच्या सीडीचे तेच. ती एक कधीच नसे. मुलीकडची, मुलाकडची, गावच्या आजीची, आणि हळद चुकलेल्या मामाची. भजनी मंडळांनी आपले अभंग तिच्यावर ध्वनिमुद्रित केले, शाळांनी स्नेहसंमेलने ठेवली. ज्यांना कॅसेट कंपनीच्या दारात कोणी उभे केले नसते अशा कितीतरी गळ्यांचा आवाज केवळ डबा स्वस्त होता म्हणून टिकला. छापील सिनेमेही स्वस्त झाले. मोझर बेअरनेच २००७ साली व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. पण त्या तबकड्यांवर दुसऱ्याची कहाणी होती. डब्यातल्या तबकडीवर आपली होती.

डीव्हीडी हे त्याचे धाकटे भावंड. त्याच आकाराच्या चकतीत ४.७ जीबी मावू लागले, कारण तिचा लेसर अधिक बारीक होता आणि खोबण अधिक दाट; शिवाय ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली होती. कॅमेरावाल्यांकडे शंभर नगांचे डबे दिसू लागले ते तेव्हापासून.

बाजार समितीची हवा तबकडीला सोसणारी नव्हती, तरी तिने निभावून नेले. मसाला मार्केटात मिरचीची भुकटी हवेत असते, दाणाबंदरात कोंडा, कांदा-बटाटा मार्केटात साली. तबकडीचे तोंड पुसता येते. वाचणाऱ्या यंत्राच्या भिंगावर बसलेली धूळ मात्र दिसत नाही, आणि पुष्कळ निर्दोष तबकड्या त्यापायी खराब ठरून बाजूला झाल्या. पोटमाळ्यावर उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात ओल. स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी २००१ साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझहून आलेल्या एका सीडीवर तिचे थर पोखरणारी बुरशी पाहिली होती, तेव्हा जगाला नवल वाटले. पावसाळ्यात चामडी चप्पल कपाटात ठेवणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला ते फार वाटण्याचे कारण नाही. सीडीचे मर्म तिच्या पाठीवर असते हे लोकांना उशिरा कळले. रंगाचा थर छापील बाजूच्या अगदी खाली, पातळ लेपाआड. म्हणून चकाकत्या बाजूचा ओरखडा एकवेळ चाले, पण नावाच्या बाजूने टोकदार बॉलपेनने 'मार्च २००६' असे ठासून लिहिले की तिथेच घाव बसे. त्यासाठी मऊ टोकाचे वेगळे मार्कर मिळत. ते एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जात आणि मालकाला सापडत नसत.

रिकाम्या झालेल्या डब्यातच लिहिलेल्या तबकड्या परत ओवायची सवय सर्वांची होती. नियमाने त्या कागदी पाकिटात, उभ्या, अंधारात ठेवायला हव्या होत्या. पण दांडा समोर दिसत असताना पाकीट कोण शोधणार? त्यामुळे सर्वांत जुने वर्ष तळाशी जाई आणि त्यावर नव्या वर्षांचा भार चढे. गोदामात थप्पी लावताना जुना माल आधी निघेल अशी लावतात. डब्यात हा क्रम उलटा झाला. कर अधिकाऱ्याने मागचे एखादे वर्ष मागितले की सगळी वर्षे एकेक करून काढावी लागत आणि ज्याला काढायला सांगितले तो ती जाता जाता वाचीत बसे. मला वाटते, पेढीच्या माणसांनी आपला गतकाळ सलग असा पाहिला तो त्या प्रसंगीच.

एक हिशेब व्यापाऱ्यांच्या नजरेतूनही सुटला. महिन्याला एक आणि वर्षअखेरीची एक जादा धरली तर पन्नासचा डबा जवळजवळ चार वर्षे पुरतो. शेवटचा म्हणून घेतलेला डबा बहुतेक पेढ्यांवर अर्धाच राहिला. पेनड्राइव्ह आले, पाठोपाठ ब्रॉडबँड. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला आणि त्याची विवरणपत्रे थेट पोर्टलवर जाऊ लागली. जत्रा मोबाइलवर, घडत असतानाच, दिसू लागली. नव्या लॅपटॉपला तबकडीची खाचच उरली नाही. यात कोणाचा दोष नाही. प्रत्येकाने आपले काम आधीच्यापेक्षा सोपे केले. ताइयो युदेनने २०१५ अखेर हा व्यवसाय थांबवला. मोझर बेअरच्या अवसायनाचा आदेश सप्टेंबर २०१८ मध्ये निघाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले.

उरलेल्या तबकड्यांनी नंतरही सेवा केली. बागाईतदारांनी त्या दोऱ्याला बांधून द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागेत टांगल्या. उन्हात फिरताना त्या चमकतात आणि पाखरे बिचकतात. म्हणजे ज्या मालाची पट्टी कधीकाळी त्यांच्यावर लिहिली जाई, त्याच मालाची राखण त्यांनी केली. गणपतीच्या मखरात त्यांची प्रभावळ झाली. रिकाम्या डब्याच्या दांड्यात घराघरांतल्या बांगड्या ओवल्या गेल्या, आणि खरे सांगायचे तर त्या कामासाठी याहून नेटकी वस्तू बाजारात आजही नाही.

त्याच्या पश्चात थोडा परिवार आहे. तैवानची सीएमसी मॅग्नेटिक्स अजून तबकड्या करते. व्हर्बॅटिम हे जुने नाव आता तिच्याकडे आहे. काही रुग्णालये एमआरआयच्या चित्रांची सीडी देतात. न्यायालयीन प्रकरणांतही ध्वनिचित्रफितींच्या सीडी दाखल झालेल्या दिसतात. एम-डिस्क नावाची एक दूरची नात रंगद्रव्याऐवजी दगडासारख्या टणक थरावर कोरते आणि हजार वर्षांचा दावा सांगते. त्या दाव्याची खातरजमा आपल्याकडून व्हायची नाही.

उत्तरकार्य ज्याने त्याने आपापल्या घरी करायचे आहे, आणि ते लांबणीवर टाकण्यासारखे नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेच्या मार्गदर्शिकेने कोऱ्या तबकडीचे आयुष्य पाच ते दहा वर्षे धरले होते. नीट लिहिलेली आणि नीट ठेवलेली याहून कितीतरी जास्त टिकते, पण आपण नीट ठेवलेली नाही. यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह अजून मिळतो. तबकडी काठाने धरावी, मऊ सुती कापडाने मध्यापासून काठाकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे. आधी जत्रा आणि लग्ने उतरवावीत, हिशेब मागाहून. कराची मुदत बहुतेकांची संपलेली आहे, आजीची नाही. एका ड्राइव्हने नाकारलेली तबकडी दुसरा पुष्कळदा वाचतो, तेव्हा एका नकारावर ती फेकू नये. उतरवलेली फाइल शेवटपर्यंत चालवून पाहावी, तिची आणखी एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, आणि मगच डबा बांगड्यांसाठी मोकळा करावा.